लॉकडाऊनमध्ये ओटा आवरून होतच नाही... तुमच्याकडे स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं?

सावली_ठाणे | २१ एप्रिल २०२०, रात्री ११:४०

आत्ता कुठे ओटा पुसून टेकलेय. धागा काढू की नको असं चाललं होतं, पण इथे मास्क कसा शिवायचा आणि डाल्गोना कॉफी कशी फेटायची यावर धागे आहेत तर माझा पण खपून जाईल.

घरात आम्ही सहा जण. सासूसासरे, आम्ही दोघं, मुलगा दहावीचा (भूगोलाचा एकच पेपर राहिला होता, तो पण १२ तारखेला रद्द केला, त्यामुळे साहेब सध्या महाराष्ट्रातले सगळ्यात सुखी प्राणी आहेत) आणि मुलगी सहावीत, तिची परीक्षाच झाली नाही, तशीच सातवीत गेली. टू बीएचके. नवऱ्याचं ऑफिस एका बेडरूममध्ये दार लावून, माझं ऑफिस डायनिंग टेबलवर, कारण दुसऱ्या बेडरूममध्ये सासूबाई दुपारी पडतात. म्हणजे माझी खुर्ची आणि गॅस यात चार पावलं. कॉलवर असले की मागे कुकरची शिट्टी, आणि आमचे साहेब विचारतात की समबडी इज ऑन अ ट्रेन का.

स्वयंपाकाला माझी ना नाही हो. आधी सकाळी डबे भरून निघाले की संध्याकाळी ट्रेनमधून उतरून घरी येईपर्यंत त्या ओट्याशी माझा काही संबंध नसायचा. मावशी येऊन भांडी फरशी करून जायच्या. आता २२ मार्चपासून मावशी नाहीत, ट्रेन नाही, डबे नाहीत, आणि तरी मी सकाळी सहापासून तिथेच उभी. सासऱ्यांचा चहा सहाला. नवऱ्याचा आठला. नऊला रामायण लागायचं, ते शनिवारी संपलं तर आता उत्तर रामायण, त्यामुळे नऊच्या आत त्यांचा नाश्ता. मुलं उठतात दहाला, तोवर पोहे गार. बाराला महाभारत, म्हणजे आजीआजोबांचं जेवण ते संपल्यावर, नवऱ्याला ब्रेक मिळतो दीडला, मुलं म्हणतात आत्ताच तर खाल्लं, आणि तीनला येऊन फ्रीज उघडून उभी राहतात. चारला चहा. पाचला "काहीतरी चटपटीत कर ना". सातला परत महाभारत. नऊला परत रामायण. आमच्या घरी जेवणाच्या वेळा सध्या दूरदर्शन ठरवतं.

कोणी मदत करत नाही असं नाही. सगळे म्हणतात सांग ना काय करू. पण "सांग ना" म्हणजे लक्षात मीच ठेवायचं. कणीक किती उरलीय, दूध कधी विरजायचं, त्या शेतकरी गटाच्या भाजीच्या पिशवीत या वेळी बीटच निघालेत तर त्याचं काय करायचं, हे सगळं माझ्याच डोक्यात. नवरा परवा म्हणाला मी कांदा चिरून देतो, आणि मग विचारतो सुरी कुठली, बोर्ड कुठला, किती, बारीक का उभा. तेवढ्यात माझा चिरून झाला असता.

तर तुमच्याकडे सिस्टीम काय आहे? "आम्ही सगळे मिळून करतो" असलं मोघम नको. डिटेलमध्ये सांगा. रात्रीची कढई कोण घासतं ते सांगा.


कर्वेरोडकर_काका | २२ एप्रिल, सकाळी ७:०५

कढई मी घासतो.

वय वर्षे ६६, निवृत्त. पेपर घरी येणं बंद झालं तशी सकाळ मोकळी पडली. पीडीएफ पेपर येतो ग्रूपवर पण मोबाईलवर अग्रलेख वाचायला काही मजा नाही. आमचं पुणं तर आता २७ पर्यंत अख्खं सील केलंय, सकाळी दोन तास काय ती दुकानं. त्यामुळे फिरणंही गच्चीवर.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आमचं स्वयंपाकघर रात्री साडेआठला बंद होतं. दार लावतो. शब्दशः. त्यानंतर पाणी हवं असेल तर बाहेर माठ आहे.

पण वेळ ठरवून काही होत नाही, आम्ही आधी भांडी कमी केली. माणशी एक ताट, एक वाटी, एक पेला, एक कप. बाकी सगळी ताटं वाट्या काचेचे बाऊल मग असलं नसलं सगळं जुन्या चादरीत बांधून माळ्यावर टाकलं. ज्याने त्याने आपलं ताट विसळून पालथं घालायचं. नाही घातलं तर पुढच्या जेवणाला त्याच खरकट्या ताटात. नातवाने एकदा हुज्जत घातली, त्याला तसंच वाढलं, परत बोलला नाही. सिंकमध्ये उरतात फक्त करायची भांडी, ती माझ्याकडे.

चहा दोनदा. सकाळी एकदाच मोठा करून थर्मासमध्ये. ज्याला गरम हवा त्याने लवकर उठावं.

भांड्यांबद्दल दोन गोष्टी ज्या आमच्या सौ.नी कधी कोणाला सांगितल्या नाहीत कारण कोणी विचारल्याच नाहीत. दुधाच्या पातेल्यात आधी गार पाणी घालायचं, गरम नाही, गरम पाण्याने साय आणखी चिकटते. आणि करपलेल्या कढईला घासत बसायचं नाही, पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून तीच परत गॅसवर ठेवायची, उकळी आली की उलथन्याने खरवडा, पापुद्रे निघतात. तारेची घासणी नॉनस्टिकला लावू नका, आमच्याकडे एका तव्याचा मी खून केलाय असं म्हणतात, मला मान्य नाही, तो तवा आधीच गेलेला होता.


उगाच_एक | २२ एप्रिल, सकाळी ९:३०

आमची आई चाळीत आठ माणसांचं करायची, वर पाहुणे, स्टोव्हवर, पाणी भरून. तिने कधी धागा नाही काढला. आजकाल मिक्सर आहे गॅस आहे सगळं आहे तरी तक्रार.


पिंगळा | २२ एप्रिल, सकाळी ९:४१

@उगाच_एक, तुमच्या आईने धागा काढला नाही कारण तिला बसायला वेळ नव्हता. आणि चाळीतल्या आठ माणसांपैकी चार सकाळी मिलमध्ये आणि ऑफिसात जायची, चोवीस तास घरात बसून "आज काय नवीन" विचारत नव्हती. तुमच्याकडे कढई कोण घासतं ते लिहा की.


उगाच_एक | २२ एप्रिल, सकाळी ९:५८

बायको. पण ती आवडीने करते.


पिंगळा | २२ एप्रिल, सकाळी ९:५९

तिला आयडी काढून द्या इथे, तिच्याकडून ऐकू.


वैदर्भी | २२ एप्रिल, दुपारी १२:२०

काका तुमचं माळ्यावरचं ऐकून मी पण आज बरण्या सोडून सगळं वर टाकून देणार आहे.

सावली, आमच्या नागपूरला एप्रिलात दुपारी नळाला हात लावता येत नाही, टाकीचं पाणी असं तापून राह्यलं असते की त्यात चहा होईल. म्हणून भांडी सकाळी आठच्या आत नाहीतर रात्री. दुपारी कोणीच किचनमध्ये जात नाही, कूलरसमोर सगळे आडवे. म्हणजे आमचं किचन उन्हानेच बंद होते, बाकीच्यांना तेवढी सोय नाही.

पण मी वेगळंच लिहायला आले. मला दोन मुलं, एक इंजिनीअरिंगला एक बारावी झालेला, दोघांना "मदत करा" म्हणून सांगून काही होत नव्हतं. मग मी यंदा वाळवणं काढली. नाहीतर दरवर्षी विकतच आणतो, बचत गटाच्या बायका करून देतात, यंदा त्या कुठून येणार. कुरडया एकट्याचं कामच नाही, माहितीये ना. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, ते पाणी बदलायचं काम मोठ्याकडे दिलं, दुसऱ्या दिवशी त्या पाण्याचा वास आला तेव्हा त्याने मला विचारलं आई हे सडलं का. म्हटलं नाही रे बापा, असंच असते. मग वाटायचे, चोथा पिळून काढायचा, चीक रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं. आणि शिजवताना तर दोन माणसं पाहिजेतच, पातेल्यात मीठ हिंगाचं पाणी खळखळून उकळतं, एकाने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळ्या. धाकट्याला दांडा दिला, घाम पुसायला पण सोडलं नाही. गरम असतानाच सोऱ्यात भरून गच्चीवर प्लास्टिकवर घालायच्या, ऊन चढायच्या आत. सोऱ्या दाबायला यांच्या जिमवाल्या हाताला पण जोर लागून राह्यला होता. उरलेला गरम चीक तेल आणि तिखट घालून तिथेच गच्चीवर वाट्यांमध्ये घेऊन खाल्ला, दोघांना त्याच्या आधी कधी तो खायला मिळालाच नव्हता कारण विकतच्या कुरडईबरोबर चीक थोडीच येतो.

फायदा असा की आता मुलांना माहिती आहे कुठलं पातेलं कुठे आहे. मोठ्ठं काम दिलं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्येमध्ये कांदा चिर, ताट घे असं नाही. तुझ्या नवऱ्याला कांदा देऊ नको. त्याला अख्खं रात्रीचं जेवण दे. काय करायचं ते पण तोच ठरवेल. तू त्या वेळात किचनच्या दिशेने बघायचं पण नाही.


सुटा_सुधाकर | २२ एप्रिल, दुपारी १:१५

मी हिंजवडीत फ्लॅटमध्ये एकटा. रूममेट दोघं २० मार्चलाच गावाला पळाले, मी म्हटलं आठवडाभराचा तर प्रश्न आहे. मेस बंद. जवळ एक कुकर, एक इंडक्शन, एक चमचा. माझं किचन माझ्या लॅपटॉपच्या बाजूलाच आहे, उघडझाप करायचा प्रश्न नाही.

खिचडी जमते. पोळी जमत नाही, आफ्रिका ऑस्ट्रेलिया सगळे खंड झाले. कोणी सांगेल का कणीक मळताना पाणी नक्की किती, यूट्यूबवरच्या ताई म्हणतात "अंदाजे".


कर्वेरोडकर_काका | २२ एप्रिल, दुपारी १:५०

@सुधाकर, दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी, पण एकदम ओतू नका. मळून झाल्यावर झाकून वीस मिनिटं विसरून जा. लोक मळल्या मळल्या लाटतात, त्याच्याने ती आखडते आणि खंड होतात. आणि गोल झाली नाही तरी फुगली पाहिजे, ते जास्त महत्त्वाचं. तवा नीट तापला नसेल तर फुगत नाही. इंडक्शनवर लोखंडी तवा चालतो.


जास्वंद_बोरिवली | २२ एप्रिल, दुपारी ३:३०

सगळे किचनबद्दल बोलताय ते ठीक आहे, मला एक विचारायचंय. मावशींचे पैसे देताय का सगळे? पूर्ण?

आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर यावरून रण पेटलंय. एक जण म्हणतो काम नाही तर पगार कशाचा, एक म्हणतो अर्धा द्या. आमच्या मावशी राहतात ती वस्ती पत्रे ठोकून बंद केलीय. फोन केला तर सांगत होत्या, एका खोलीत सात जण, संडास सार्वजनिक, रांगेत उभं राहायचं तर तिथेच गर्दी. रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळणार म्हणून सांगितलंय, पण नुसत्या तांदळाचं काय करायचं ताई, तेल, डाळ, गॅस कुठून आणू. जनधनचे पाचशे आले म्हणे खात्यात, पण बँकेपर्यंत जायला बाहेर सोडत नाहीत.

मी मार्चचा पूर्ण दिला, एप्रिलचा पण देणार, मुलाच्या नंबरवर गुगल पे केला. यात मोठेपणा सांगत नाहीये, पण मला वाटतं आपण घरात बसून पगार घेतोय तर त्यांनी का नाही.


मनमौजी७८ | २२ एप्रिल, दुपारी ४:०५

सगळेच घरी बसून पगार घेत नाहीत ताई. माझा ३० टक्के कापलाय या महिन्यापासून. बायको सरकारी नोकरीत, तिचा मार्चचा पगार दोन टप्प्यांत द्यायचं ठरलंय. घराचा हप्ता तीन महिने पुढे ढकलायची सोय दिलीय बँकेने, पण व्याज चालूच राहणार आहे ते कोणी वाचत नाही. मी अर्धा दिला मावशींना आणि वर किराणा भरून दिला. जमेल तेवढं करतोय.


जास्वंद_बोरिवली | २२ एप्रिल, दुपारी ४:२०

किराणा दिलात ना, मग झालं की. माझा राग त्यांच्यावर आहे जे "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून फोनच उचलत नाहीत आणि स्टेटसला केकचे फोटो टाकतात.


माडाखाली | २२ एप्रिल, संध्याकाळी ६:१०

फोंड्याहून लिहितेय. आमच्याकडे सुरुवातीचे काही दिवस किराणा दुकानं पण बंद ठेवली होती, लोकांची जी काय ओढाताण झाली ती विचारू नका, मग उघडली. पण मासळी नाही म्हणजे गोंयकाराचा अर्धा जीव गेला. सासरे रोज सकाळी गेटपर्यंत जाऊन पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा हॉर्न येतो का आणि मासेवालीची हाक येते का बघून परत येत. पोदेर तरी यायला लागला नंतर.

मग वर्षाची बेगमी उघडली. पावसाळ्यासाठी ठेवलेलं सुकं. बाजार अजून मांडायचा होता त्यामुळे गेल्या वर्षीचंच थोडं उरलेलं. सुक्या सुंगटांची किसमूर केली, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सुकी सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी, डोकी शेपट्या काढून तव्यावर कोरडी भाजायची कुरकुरीत होईपर्यंत, ओलं खोबरं, बारीक कांदा, हळद, तिखट, चिंचेचा कोळ आणि वरून थेंबभर खोबरेल तेल, हाताने कुस्करून लगेच खायची. पाच मिनिटांचं काम, एक वाटी, भाताबरोबर. भांडी काही पडत नाहीत. सावली, तुला हाच सल्ला, एक कालवण भात आणि एक कोरडं काहीतरी, दोन्ही वेळा तेच. चार भाज्या दोन कोशिंबिरी कशाला.

रविवारी आमचा सातवा पेशंट पण बरा झाला, आता गोव्यात एकही नाही. बॉर्डर उघडली की काय होईल देव जाणे.


न्यूजर्सीची_नमू | २३ एप्रिल, पहाटे ५:१५

आमच्याकडे २१ मार्चपासून घरी थांबायची ऑर्डर आहे. इथे मावशी कधीच नव्हत्या, त्यामुळे तुम्ही सगळे आता ज्याबद्दल लिहिताय ते आम्ही कायमच करतो, असं लिहिणार होते पण लिहीत नाही, मार पडेल. आणि खरं तर तसं नाहीये पण. आधी दोन्ही मुलं शाळेत जेवायची, नवरा ऑफिसात, मी एक वेळ करायचे. आता तीन वेळा. डिशवॉशर आहे हो, पण त्यात कढई बसत नाही, आणि भरायचा कोणी आणि रिकामा कोणी करायचा यावर आमच्याकडे जेवढी भांडणं झालीत तेवढी लग्न झाल्यापासून झाली नव्हती.

कणकेची पिशवी इंडियन स्टोअरमध्ये एका माणसाला एकच देतायत. डिलिव्हरीचा स्लॉट मिळवायला मी रात्री बाराला उठून बसते. परवा पहिल्यांदा नवऱ्याने पिझ्झासाठी पीठ मळलं, यीस्ट कुठेच मिळत नव्हतं तर दह्याने आंबवलं. म्हणजे त्याने नवीन शोध लावला असं त्याला वाटतंय, भटुऱ्याचं पीठ आहे ते.

इथून आईबाबांची काळजी जास्त. साताऱ्यात दोघंच आहेत. शेजारचा मुलगा दूध भाजी दारात ठेवून जातो, आई ती पिशवी साबणाने धुते, मग भाजी सोड्याच्या पाण्यात, मग गॅलरीत उन्हात. मी तिला कुठल्याशा लेखातलं सांगून बसले की प्लास्टिकवर ७२ तास राहतो व्हायरस, तेव्हापासून बिचारी दुधाच्या पिशव्या पण घासतेय.


रात्रपाळी | २३ एप्रिल, सकाळी ८:४५

मी नर्स आहे, मुंबईतल्या एका सरकारी हॉस्पिटलमध्ये. विरारला राहते. लोकल बंद, त्यामुळे एसटीने, पहाटे निघते.

आमच्याकडे स्वयंपाकघर सासूबाई चालवतात, मला आत यायलाच बंदी आहे. घरी आले की बाहेर बादलीत कपडे, अंघोळ, मग माझी खोली. ताट दाराशी येतं. मुलगी पाच वर्षांची, ती लांबून मला सांगते आज काय केलंय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, भाकरी थापायला उभं राहता येत नाही, तर त्यांनी खाली बसून पाटावर शेगडी घेतलीय, छोटा सिलिंडर. नवरा भांडी करतो. कढई पण तोच.

धागा वाचून करमणूक झाली, लिहीत रहा.


सावली_ठाणे | २३ एप्रिल, रात्री १०:१५

@रात्रपाळी, सांभाळून रहा गं. काही लागलं तर सांग, विरारला माझी नणंद आहे.

बाकी सगळ्यांना थँक्यू. उगाच_एकांना पण.

तर अपडेट. काकांचं ऐकून भांडी माळ्यावर टाकली. सासूबाई आधी रुसल्या, म्हणाल्या सुनेने स्टीलची ताटं पण काढून घेतली, पण सासऱ्यांना काकांची पोस्ट वाचून दाखवली. पुण्याचा ६६ वर्षांचा माणूस कढई घासतो हे ऐकून ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी बघते तर स्वतःचा कप विसळत होते. कप विसळून कुठे ठेवायचा ते विचारलं मात्र.

वैदर्भीचं पण ऐकलं. आजचं रात्रीचं जेवण नवऱ्याकडे. मी बेडरूममध्ये दार लावून बसले, आतून मला सगळं ऐकू येत होतं, हिंगाची डबी शोधण्यात जेवढा वेळ गेला तेवढ्यात माझी आमटी झाली असती, पण उठले नाही. बीटाचं थालीपीठ केलं त्याने. हो, त्याच बीटांचं. रंग भयानक, चव चांगली होती. साडेआठचे साडेनऊ झाले, आजीआजोबांनी रामायण बघत बघत खाल्लं. किचनमध्ये पीठ फ्रीजच्या हँडलपर्यंत गेलंय ते उद्या तोच पुसणार आहे असं त्याचं म्हणणं आहे. बघू.

मुलाला मावशींचं काम दिलंय, म्हणजे झाडू फरशी, आणि त्याला सांगितलं की मावशींना महिन्याला किती देतो आपण. त्याने हिशोब करून विचारलं, "एवढ्यात? रोज?" त्यांचे एप्रिलचे पैसे आजच पाठवले, पूर्ण.

चहाचं मात्र जमत नाहीये. थर्मासमधला चहा सासरे पीत नाहीत. त्यावर काही उपाय?


पिंगळा | २३ एप्रिल, रात्री १०:३०

त्यांनाच शिकव करायला. ७० व्या वर्षी माझे बाबा शिकले. पहिला आठवडा दूध उतू गेलं रोज.


कर्वेरोडकर_काका | २४ एप्रिल, सकाळी ६:५०

थर्मासमध्ये चहा भरायच्या आधी तो उकळत्या पाण्याने विसळून घेता का? आणि गाळून भरा, पावडर आत राहिली की कडवट होतो. तरी पीत नसतील तर मग ते चहासाठी नाही, तुम्ही किचनमध्ये येण्यासाठी थांबतात. गप्पा मारायला कोणी नसतं हो सकाळी, कट्टा बंद, देऊळ बंद. दहा मिनिटं बसा त्यांच्याबरोबर नाहीतर नातवाला बसवा.


सावली_ठाणे | २४ एप्रिल, दुपारी २:०५

काका, आज नातवाला बसवलं. रामायण की महाभारत यावर वाद घालतायत दोघं.

अजून एक, विषयाला सोडून. अक्षय्य तृतीयेला रविवारी आमरस करायचाय. सोसायटीत थेट रत्नागिरीहून पेट्या आल्यात, पण सगळे आंबे कच्चे, हिरवेगार. आंबेवाला म्हणतो घरी अढी घाला. पेंढा नाही, आणि पेपर यायचा बंद झाल्यापासून रद्दी पण संपलीय, होती ती सगळी भाजी ठेवायला गेली. कशात घालू?


देवगडचा_बाब्या | २४ एप्रिल, दुपारी २:४०

हिरवेगार असतील तर रविवारपर्यंत सगळे होत नाहीत, रसापुरते चारसहा झाले तर नशीब. पेटीतलं गवत फेकलं नसशील तर तेच घे. नाहीतर जुनी सुती साडी किंवा गोणपाट खाली अंथर, आंबे एकाला एक लागतील असे एकाच थरात मांड, फार तर दोन थर, वरून परत सुती कापड. कपाटाखाली किंवा पलंगाखाली अंधारात ठेव, पंखा लागायला नको. प्लास्टिक अजिबात नको, घाम सुटतो आणि डाग पडतात. रोज एकदा उघडून चाळव, नरम पडलेला आणि देठाशी वास येणारा बाजूला काढ, एखादा सडका निघाला तर लगेच उचल, बाकीच्यांना लागतो. घाई झाली म्हणून तांदळाच्या डब्यात पुरतात काही जण, पिकतात तसे पण डब्यावर लक्ष ठेव, नाहीतर आठवड्याने भाताला आंब्याचा वास येईल.

आणि कच्चे फ्रीजमध्ये ठेवू नको, मग ते पिकतच नाहीत.